एका ‘म्हणून’चा कायदा

ऑफिसात तिला सगळे कलमताई म्हणायचे. हे नाव थोरल्या बाईंनी पाडलेलं. थोरल्या बाई म्हणजे ऑफिसच्या मालकीणबाई, जुन्या सॉलिसिटर. आवाज असा की बंद दाराआडचा माणूसही सरळ होऊन बसावा. एखादं कलम अडलं की त्या खुर्चीतूनच हाक मारायच्या, “अहो कलमताई!” आणि पुस्तक कपाटातून निघायच्या आत कलमताई उत्तर घेऊन दारात उभी.

खरेदीखतं, भाडेकरार, मृत्युपत्रं सगळी तिच्या हातची. खाली सही मात्र थोरल्या बाईंची. कायद्याची डिग्री असून ती ऑफिसात कारकून म्हणून लागली, मग मुलगी झाली, मग मुलीची शाळा, आणि सनद घ्यायचं आज करू, उद्या करू म्हणत केस पिकले. “स्वयंपाक माझा, वाढायला दुसरी,” असं ती नवऱ्याला म्हणायची, पण त्यात कडवटपणा कमी आणि सवय जास्त होती.

मग नियम बदलला. सॉलिसिटरच्या हाताखाली बरीच वर्षं काम केलेल्यांना कायद्याचे सगळे मुख्य विषय झालेले असले की सनद मिळणार होती. थोरल्या बाईंनी तिला समोर बसवून अर्ज भरायला लावला. उत्तर आलं ते असं: बाकी सगळं ठीक, एक विषय कमी आहे. ट्रस्टचा कायदा.

चूक कुणाचीच नव्हती. कॉलेजात असताना बाबांची बदली झाली, आणि तिने मधल्या वर्षी कॉलेज बदललं. जुन्या कॉलेजात हा विषय शेवटच्या वर्षाला शिकवत, नव्यात पहिल्याच वर्षी उरकून टाकत. तो दोन्हीकडून निसटला. डिग्री देणाऱ्यांच्याही ते लक्षात आलं नव्हतं.

“वीस वर्षं जेवून उठल्यावर सांगतायत, मीठ राहिलं,” नवरा म्हणाला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याच्या बोटांना कायम ग्रीसचा वास आणि जिभेला विनोद. “लिफ्टमध्ये अडकलेल्यांना मी बाहेर काढतो. तुला कोण काढणार?”

“मीच निघेन,” ती म्हणाली आणि तिने वर्गात नाव घातलं.

वर्ग शनिवारी सकाळी भरायचा, एका कॉलेजच्या तळघरात. छताखालून पाइप गेलेले, आणि वरच्या मजल्यावर कुणी नळ सोडला की डोक्यावरून पाणी गेल्यासारखा आवाज यायचा. पहिल्या दिवशी ती आत शिरली तेव्हा तिच्या मुलीच्या वयाची सगळी मुलं उठून उभी राहिली. त्यांना वाटलं, बाई आल्या. “बसा, बसा,” ती म्हणाली, “मी पण तुमच्यातलीच,” आणि मागच्या बाकावर जाऊन बसली. कान तापले होते.

शिकवायला एक सुकलेले, घसा बसलेले सर होते. गालात कायम एक गोळी. पण बोलायला लागले की माणूस हलायचा नाही. “विश्वस्त म्हणजे कोण?” ते म्हणाले. “दुसऱ्याचं ताट हातात धरून उभा असलेला माणूस. भूक त्यालाही असते. पण त्या ताटातला घास त्याने तोंडात घातला, की तो विश्वस्त उरला नाही.” कलमताईला विषय आवडला. सकाळी ऑफिसला जायच्या आधी ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून वाचायची. नवरा दाढी करता करता तिला प्रश्न विचारायचा आणि उत्तर बरोबर आहे की चूक हे कळत नसूनही “पास!” म्हणून ओरडायचा.

असे बरेच शनिवार बरे गेले. मग एके दिवशी सरांनी फळ्यावर दोन वाक्यं लिहिली. एक: ‘घर मुलाला देतो, तो आईला सांभाळेल अशी मला आशा आहे.’ दुसरं: ‘घर मुलाला देतो, आईला सांभाळण्याच्या अटीवर.’

“पहिली नुसती इच्छा,” सर म्हणाले. “मुलगा चांगला निघाला तर पुरी होईल. कोर्ट त्याला जबरदस्ती करणार नाही. दुसरं बंधन. फरक कळला?”

माना डोलल्या. कलमताईचा हात मात्र तिला कळायच्या आत वर गेला होता.

“सर, आणि ‘सांभाळावं म्हणून देतो’ असं लिहिलं असेल तर?”

सरांनी गोळी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. “कुणाच्या मृत्युपत्रात आहे?”

“कुणाच्या नाही. सहज विचारलं.”

“हं. हा ‘म्हणून’ फार वाईट शब्द. इच्छाही असेल, बंधनही असेल. मग बघायचं, ज्याला सांभाळायचं तो कोण. हातीपायी धड, चार पैसे मिळवणारा असेल तर ती इच्छा. पण ज्याला स्वतःहून काही मागताच येत नाही, अशासाठी कोर्ट शब्द ताणतं. तिथे ते बंधन धरलं जातं. म्हणजे मुलगा मालक नव्हे, विश्वस्त.”

वर कुणी तरी नळ सोडला. पुढचं तिला काही ऐकू आलं नाही.

तिच्या बाबांचं मृत्युपत्र तिला पाठ होतं. ते कधी लपवलेलं नव्हतंच. बाबा गेल्यावर वकिलाने तिघा भावंडांसमोर मोठ्याने वाचून दाखवलं होतं. ‘माझं राहतं घर मी थोरल्याला देत आहे, त्याने धाकट्याला जन्मभर सांभाळावं म्हणून.’ थोरला म्हणजे तिचा दादा, पाण्याचे मीटर वाचणारा. धाकटा म्हणजे सोन्या. सोन्याचं वय चाळिशीला टेकलेलं, पण समज सहा-सात वर्षांच्या पोराची, ती तिथेच थांबली होती. सगळ्यांनी त्या वाक्याचा एकच अर्थ लावला होता: घर दादाचं, सोन्या दादाच्या गळ्यात. तिनेही तोच लावला होता. इतकी वर्षं ती लोकांची मृत्युपत्रं लिहीत होती आणि बापाचं एकदाही वकिलाच्या डोळ्यांनी वाचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. रविवारी ती फळं घेऊन दादाकडे जायची. सोन्या नेहमीसारखा समोरच्या खिडकीत होता. खिडकीखाली बसस्टॉप. रोज बसला उभी राहणारी माणसं तो ओळखायचा आणि त्यांची नावं त्यानेच ठेवलेली. “लाल पिशवी आली नाही आज,” तो काळजीने म्हणाला. “लाल पिशवी आजारी आहे, ताई.”

वहिनी चहा करत होत्या. कपाच्या कडेवर बोट ठेवून चहा ओतत होत्या, म्हणजे कुठवर आला ते बोटाला कळावं. त्यांची नजर उतरत चालली होती. दादा खुर्चीत पाय लांब करून बसला होता. आयुष्यभर लोकांचे जिने चढून त्याचे गुडघे गेले होते, आणि आता स्वतःच्या घराचा जिनाही त्याला चढवेना.

“बरं झालं आलीस,” तो म्हणाला. “घर विकतोय. गिऱ्हाईक मिळालंय. मुलीच्या गावाला तिच्या घराशेजारी छोटंसं घर बघितलंय, सगळं तळमजल्यावर.”

“आणि सोन्या?”

“त्याच्यासाठी एक संस्था बघितली. चांगली आहे. बाग आहे. तिथली माणसं मायेने बोलतात.” मग आवाज खाली आणून तो म्हणाला, “माझ्याने आता होत नाही गं.”

शेवटचं वाक्य तिने ऐकलं, पण ते आत पोचलं नाही. आत फळ्यावरची दोन वाक्यं उभी होती. “दादा, हे घर तुला विकता येईल का, ते बघायला पाहिजे,” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“काही नाही. बघून सांगते.”

तिने तेव्हाच सगळं बोलायला हवं होतं. पण दादासमोर ती नेहमीच सात वर्षांची व्हायची. ती फळं ठेवून निघाली.

सोमवारी तिने थोरल्या बाईंपुढे सगळं मांडलं. बाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. “तुझं बरोबर आहे. तो विश्वस्त ठरेल. घर विकून स्वतःसाठी दुसरं घेणं त्याला जमणार नाही. पण एक लक्षात ठेव, या प्रकरणात तू बहीण आहेस. सॉलिसिटर नाहीस. अजून झालेलीही नाहीस. आधी जा, त्याच्याशी बोल. नोटीस म्हणजे शेवटचा शब्द असतो, कलमताई. पहिला नसतो.”

“गिऱ्हाईक ठरलंय, बाई. आणि बोलायला गेले तर मी विरघळेन.”

“मग विरघळ.”

ती विरघळली नाही. तिने दुसऱ्या एका ऑफिसातून दादाला घर विकू नये अशी नोटीस पाठवली. मजकूर तिनेच सांगितला. एकही शब्द जास्त नाही, एकही कमी नाही. सोन्याचा उल्लेख त्यात ‘लाभार्थी’ असा होता, कारण कायद्यात तसंच म्हणतात. नवऱ्याने तो मजकूर वाचला आणि पहिल्यांदाच विनोद केला नाही. “तुझ्या भावाला लिहिलंयस ना हे?” एवढंच म्हणाला.

गिऱ्हाईक पळालं. दादाकडून ना फोन, ना निरोप. तिने पुस्तकात डोकं घातलं. परीक्षा तोंडावर आली होती.

परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी दारावरची बेल वाजली. दारात दादा. एका हाताने कठड्याला धरलेलं, श्वास फुललेला. कलमताईच्या इमारतीतली लिफ्ट नेमकी बंद होती, आणि नवरा दुसऱ्यांच्या लिफ्टा दुरुस्त करायला गेलेला. दादाच्या मागे सोन्या, पाठीला पिशवी, आणि छातीशी घट्ट धरलेली उशी.

“घे,” दादा म्हणाला. “तुझा लाभार्थी.”

“दादा, आत तरी ये.”

“नको. मला बोलायचंय ते इथेच बोलतो. बाबा गेले त्या दिवसापासून रोज सकाळी मी त्याला आंघोळ घालतो. त्याला गरम पाण्याची भीती वाटते, म्हणून आधी माझ्या हातावर ओतून दाखवावं लागतं. त्याला ताप आला की तुझी वहिनी उशाशी बसते. लोकांनी लग्नाला बोलावलं की आमच्यातलं एक जण घरी राहतं. तू रविवारी यायचीस. फळं आणायचीस. छान फळं असायची. मी तुला कधी काही बोललो?”

“नाही.”

“मग मला विश्वासघातकी म्हणायच्या आधी एक फोन करायचास.”

“तसं लिहिलं नव्हतं, दादा.”

“मी तसंच वाचलं.” तो वळला आणि एकेक पायरी आडवा होऊन उतरू लागला. ती त्याला धरायला पुढे झाली, तेव्हा त्याने मागे न बघता हात झटकला.

सोन्याला तिच्या घरात कुठे उभं राहावं तेच कळेना. खोल्या दोन, आणि खिडकी शेजारच्या इमारतीच्या भिंतीवर उघडणारी. त्याने काचेला नाक टेकवून पाहिलं. “बस कुठंय?” त्याने विचारलं. संध्याकाळी भात भरवायला गेली तर त्याने तोंड मिटलं. आणि सकाळी आंघोळीच्या वेळी तो असा ओरडला की शेजारीण दार ठोठावून विचारून गेली. शेवटी नवऱ्याने कामाला दांडी मारली आणि म्हणाला, “तू जा पेपरला. मी बघतो याला. माणूसच आहे, लिफ्ट नाही, पण बघतो.”

परीक्षेत तोच प्रश्न होता. इच्छा की बंधन, उदाहरणासह लिहा. वर्गातल्या मुलांना तो सोपा गेला. तिने लिहायला सुरुवात केली आणि तिला वाटलं, आपण जे लिहितोय ते दादा खांद्यावरून वाचतोय. एक परिच्छेद लिहायची, खोडायची. विश्वस्ताची कर्तव्यं तिला तोंडपाठ होती. पण विश्वस्त थकला तर काय, हे लिहायला गेली आणि हात थांबला. त्याचंही उत्तर पुस्तकात होतं. विश्वस्ताला मोकळं होता येतं. दुसरा नेमता येतो. कोर्टाची परवानगी घेऊन घर विकून लाभार्थ्यासाठी दुसरं घेता येतं. तिने हे सगळं वाचलं होतं, पेन्सिलीने खुणा केल्या होत्या, आणि नोटिशीत यातली एक ओळही घातली नव्हती.

ती नापास झाली. फार नाही, थोडक्यात. थोडक्यात नापास होण्यातलं दुःख वेगळंच असतं. धड रडताही येत नाही.

“पुन्हा बसायचं,” थोरल्या बाई म्हणाल्या. ऑफिसात त्या दिवसापासून कुणी तिच्यासमोर कलमं काढली नाहीत. ती दयाच तिला जास्त लागली.

आता घरचं वेळापत्रक सोन्याचं झालं. नवऱ्याने दुपारची पाळी मागून घेतली, मुलगी कॉलेजातून थेट घरी येऊ लागली. तरी एकदा तिघांच्याही हातून निसटून सोन्या बाहेर पडला. सापडला तो भलत्याच बसस्टॉपवर, रडून रडून घसा बसलेला, समोरच्या अनोळखी माणसांना ‘लाल पिशवी’ म्हणून हाका मारत. कलमताई तिथेच बाकावर त्याच्या शेजारी बसली. तिने तिथूनच दादाच्या घरी फोन लावला. वहिनींनी उचलला.

“वहिनी, तो कशाने शांत होतो?”

वहिनी म्हणाल्या, “त्याचा कान चोळ. उजवा. हळू.” आणि जराशाने, “सापडला ना? बरा आहे ना?”

“बरा आहे. वहिनी, मी येऊ का?”

“हे बोलणार नाहीत तुझ्याशी.”

“नकोत बोलायला. मी बोलेन.”

ती गेली. दादा खुर्चीत होता, तोंड भिंतीकडे. तिने वहिनींकडे बघून बोलायला सुरुवात केली, आणि मग सगळं बोलणं तसंच झालं, दोघांच्या मध्ये वहिनी.

“वहिनी, दादाला सांगा, नोटीस मी मागे घेतेय. पण बाबांनी लिहिलं ते मागे घेता येणार नाही. घर सोन्यासाठी आहे. ते विकायचं तर विकू, पण त्यातून सोन्याला डोक्यावर छप्पर मिळालं पाहिजे.”

“आणि आम्ही?” भिंत म्हणाली.

“दादा एकटा विश्वस्त राहणार नाही. त्याच्या जोडीला मी येते. कोर्टाकडे दोघांनी मिळून जायचं. एक तळमजल्याचं मोठं घर बघू, रस्त्यावर खिडकी असलेलं. एका बाजूला सोन्या, एका बाजूला तुम्ही दोघं. मी रोज येईन. फळं घेऊन नाही. कामाला.”

“मुलीच्या गावी जायचं होतं आम्हाला,” वहिनी म्हणाल्या. त्यांनी बोट पुसल्यासारखं पदरावर फिरवलं. “नातवंडं डोळे आहेत तोवर बघायची होती.”

त्या दिवशी काही ठरलं नाही. पुढच्या खेपेलाही नाही. वहिनी एकदा फोनवर रडल्या, दादाने एकदा आतून ओरडून सांगितलं की तुमचं काय ते करा. शेवटी दोघं मुलीच्या गावीच गेली. घर कोर्टाच्या परवानगीने विकलं गेलं आणि सोन्यासाठी कलमताईच्या गल्लीत तळमजल्यावर छोटी जागा घेतली, समोर रस्ता. दिवसा सांभाळायला एक बाई, रात्री कलमताई नाहीतर नवरा. आणि दादाला त्याच्या इतक्या वर्षांच्या सांभाळाचा योग्य मोबदला मिळावा, हा मुद्दा कलमताईने स्वतः वकिलाला कोर्टापुढे मांडायला लावला. तो मान्य झाला. त्यातून दादाचं ते छोटं घर उभं राहिलं. हे कळल्यावर दादा काय म्हणाला ते वहिनींनी तिला कधी सांगितलं नाही.

सोन्याला नवी माणसं ओळखायला बराच काळ लागला. सुरुवातीला तो खिडकीत नुसता बसायचा. मग एका सकाळी म्हणाला, “छत्रीवाला लंगडतो आज.”

पेपर तिने पुन्हा दिला. या वेळी पास झाली, आणि सनद आली. थोरल्या बाईंनी आपल्या दाराशेजारच्या दारावर तिच्या नावाची पाटी लावली, आणि लगेच हाक मारली ती मात्र “अहो कलमताई!” अशीच. ऑफिसने टाळ्या वाजवल्या. नवऱ्याने ग्रीसच्या हातांनी तिचे दोन्ही गाल धरले. दादाला तिने वहिनींमार्फत कळवलं. “बरं झालं म्हणाले,” वहिनी म्हणाल्या. तो खरंच म्हणाला की वहिनींनीच पदरचं घातलं, हे तिला कळलं नाही आणि तिने विचारलंही नाही.

कोर्टाने दादा आणि ती अशा दोघांना विश्वस्त नेमल्यामुळे काही कागदांवर दोघांच्या सह्या लागत. त्यासाठी दादाला यावं लागे. तो यायचा, सोन्याजवळ बसायचा, सही करायचा, जायचा. बोलायचं ते सोन्याशी.

एकदा असाच आला. सोन्याच्या खोलीतली जुनी खिडकी बदलायची होती, त्याचा करार. दादाने कागद डोळ्यांपासून लांब धरला, जवळ आणला, पुन्हा लांब धरला.

“बारीक लिहितात लेकाचे,” तो म्हणाला. कुणाला उद्देशून, ते कळलं नाही. मग कागद टेबलावरून तिच्याकडे सरकवला. “वाच.”

तिने वाचायला सुरुवात केली. काचेचा प्रकार, चौकट, कामाची मुदत. दादाने मध्येच हात वर केला.

“कडी आतून आहे की बाहेरून?”

“आतून.”

“आतून नको. तो उघडेल आणि वाकेल. वर बसवायला सांग, त्याचा हात पोचणार नाही अशी.”

“सांगते.”

“लिहून घे.”

तिने पेन उघडलं आणि समासात लिहिलं. दादा तिच्या हाताकडे बघत राहिला, अक्षर पुरं होईपर्यंत.